शिव्या घालत का होईना, लोक बिग बॉस का बघतात?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील निवृत्त शिक्षक, आई सगळ्या मालिकांना नाकं मुरडणारी. तरी सीझन सुरू झाला की दोघं रोज रात्री ‘बिग बॉस मराठी’ लावून बसतात. हे सगळं ठरवून केलेलं असतं असं स्वतःच म्हणतात, भांडणं बघून वैतागतात, टीव्हीकडे बघून ओरडतात आणि तरी चॅनल बदलत नाहीत. ही दुसऱ्याच्या घरात डोकावायची हौस आहे, की आणखी काही?

मी नॉन-फिक्शन टीव्हीत एडिटर म्हणून सुरुवात केली आणि पुढे स्टोरी टीममध्ये गेले. गाण्याच्या स्पर्धा, डान्स, बंद घरातले कार्यक्रम, सगळं कापून झालंय. त्यामुळे उत्तर एडिट रूममधून देते. मानसशास्त्राच्या पुस्तकातून द्यायचं तर ते दुसऱ्या कुणीतरी द्यावं.

‘डोकावायची हौस’ हे उत्तर सगळ्यात आधी सुचतं आणि ते सगळ्यात कमी खरं आहे. चोवीस तास कॅमेरे चालू असलेल्या घरात डोकावून बघण्यासारखं फारसं काही नसतं. माणसं झोपतात, भांडी घासतात, सोफ्यावर लोळतात, उद्याचा टास्क काय असेल यावर तेच तेच बोलतात. कच्चं फुटेज समोर लावलं तर तुमचे वडील पंधरा मिनिटांत उठून जातील. आम्ही पगार घेऊन बघतो, तरी रात्रपाळीला डुलक्या येतातच.

लोकांना धरून ठेवते ती गोष्ट वेगळी. त्या घरात कोण कुणाच्या पाठीमागे काय बोललं, हे घरातल्या एकाही माणसाला पूर्ण माहीत नसतं. प्रेक्षकाला माहीत असतं. निदान तसं त्याला वाटतं. सकाळी स्वयंपाकघरात गळ्यात गळा घालणारी दोघं दुपारी बागेत एकमेकांबद्दल काय बोलली, हे आईबाबांनी दोन्हीकडून ऐकलेलं असतं. खऱ्या आयुष्यात ही चैन कुणाच्या वाट्याला येते? जाऊबाई आपल्यामागे काय बोलतात, ऑफिसात आपण उठून गेल्यावर काय हसणं होतं, याचे फक्त अंदाज बांधायचे असतात. इथे पुरावा मिळतो, रोज रात्री तासभर.

आता एक प्रसंग जवळून सांगते. कार्यक्रम कुठला, माणसं कोण ते सांगणार नाही, आणि तपशील थोडे फिरवले आहेत.

आठवड्याचं रेशन संपत आलेलं. साखर डब्याच्या तळाशी. सकाळी घरातली वयाने मोठी बाई तो डबा कपाटात मागे सरकवते आणि शेजारी पोळ्या लाटणाऱ्या मुलीला म्हणते, “संध्याकाळच्या चहाला राहू दे, नाहीतर ही पोरं सरबतात घालून संपवतील.” दुपारी एक पोरगा साखर शोधत येतो. ती म्हणते, “संपली वाटतं रे.” रात्री तोच पोरगा पूलच्या काठावर बसून मित्राला सांगतो, “ताई आहेत म्हणून हे घर चाललंय.” तीन तुकडे, मिळून फार तर दीड मिनिट. बाकीचा दिवस बेचव.

टाइमलाइनवर हे तीन तुकडे एकापाठोपाठ लावले की प्रेक्षक ताठ बसतो, कारण आता त्याच्याकडे एक गुपित आहे. तो पोरगा भाबडा ठरला, बाई आतल्या गाठीची ठरली. दोन दिवसांनी नॉमिनेशनच्या, म्हणजे कुणाला घराबाहेर काढायचं ते सुचवायच्या वेळी बाईने त्याच पोराचं नाव घेतलं की गुपित दुप्पट झालं. आणि मग कुणीतरी भाजणीचा डबा काढताना मागची साखर सापडते, त्या दिवशी घरात जे भांडण होतं ते बाहेरून बघणाऱ्याला ‘साखरेवरून भांडतात, काय माणसं आहेत’ असं वाटेल. रोज बघणाऱ्याला ते साखरेवरचं भांडण नसतंच. त्याने तीन दिवस वाट पाहिलेली असते.

याच प्रसंगात “सरबतात घालून संपवतील” हे वाक्य ठेवलं तर बाई काटकसरी गृहिणी दिसते. वाक्य काढलं तर डबा लपवणारी दिसते. दोन्ही एपिसोडमध्ये एकही शब्द खोटा नाही. हा निर्णय बहुतेक वेळा रात्री उशिरा, एपिसोड लॉक व्हायच्या गडबडीत होतो, आणि त्यात कटकारस्थानापेक्षा ‘अजून चाळीस सेकंद कमी करा’ हा दबाव जास्त असतो.

हिशेब बघा ना. दिवसाची मिनिटं 1440. जाहिराती वगळून एपिसोड साधारण 45 मिनिटांचा. म्हणजे दिवसाचे तीन टक्के लोकांपर्यंत पोचतात, आणि तेही एकाच कॅमेऱ्याचं धरलं तर. घरात डझनावारी कॅमेरे असतात, भिंतीतले रोबोटिक वेगळे आणि आरशामागच्या अंधाऱ्या बोळातून माणसांनी चालवलेले वेगळे. कंट्रोल रूममध्ये मॉनिटरची भिंत, प्रत्येक पाळीला लॉगिंगवाली मुलं. कोण, कुठे, कुणाशी, काय, टाइमकोडसकट टाइप करत बसतात. स्टोरी टीम त्या नोंदी वाचून ठरवते की आज कुणाची गोष्ट पुढे सरकली. पुढे सरकली म्हणजे भांडण झालं असं नाही. कुणाची तरी माहिती बदलली, कुणाचं तरी मत बदललं, कुणी आधी बोललं त्याच्या उलट वागलं, यातलं एखादं झालं.

ही युक्ती मराठी किंवा हिंदी कार्यक्रमाने काढलेली नाही. मूळ ‘बिग ब्रदर’ नेदरलँड्समध्ये 16 सप्टेंबर 1999 ला सुरू झाला. जॉन डी मोल यांची कल्पना, एंडेमॉलची निर्मिती. नाव ऑरवेलच्या कादंबरीतल्या सर्वसाक्षी हुकूमशहावरून. पण त्या कार्यक्रमाची खरी ताकद कळली ती 2000 च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या पहिल्या सीझनमध्ये. निक बेटमन नावाचा स्पर्धक एकेकाला बाजूला घेऊन, कागदावर नावं लिहून दाखवत कुणाला नॉमिनेट करायचं ते सुचवत होता. नियमाप्रमाणे नॉमिनेशनवर चर्चा करायला बंदी. घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं की हा फक्त आपलाच मित्र. बाहेर अख्ख्या ब्रिटनला सगळं दिसत होतं, आणि वर्तमानपत्रांनी त्याचं ‘नॅस्टी निक’ असं बारसंही करून टाकलं होतं. आतल्यांनी एकमेकांच्या गोष्टी पडताळून पाहिल्या तेव्हा क्रेग फिलिप्सने सगळ्यांसमक्ष टेबलावर त्याला जाब विचारला. निकची हकालपट्टी झाली. सीझन क्रेगने जिंकला आणि 70 हजार पौंडांचं बक्षीस डाउन सिंड्रोम असलेल्या मैत्रिणीच्या शस्त्रक्रियेसाठी देऊन टाकलं.

त्या टेबलावरच्या प्रसंगात कुणी कुणाला मारलं नाही, फारशा शिव्याही नव्हत्या. तरी तो आजही आठवला जातो, कारण लोकांना जे आधीच माहीत होतं ते शेवटी आतल्यांना कळलं. बंद घरातल्या कार्यक्रमाचा सगळ्यात गोड क्षण हाच.

काही जण म्हणतात की खरी गंमत मतदानात आहे, कुणाला घरी पाठवायचं हे आपण ठरवतो याची नशा. मला ते अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या पहिल्या सीझनमध्ये, 2000 साली, प्रेक्षक फोनवरून मतं देऊन माणसं काढत होते. दुसऱ्या सीझनपासून तो अधिकार काढून स्पर्धकांनाच दिला. आता तुम्हीच एकमेकांना काढा. मतदान गेल्यावर कार्यक्रम बंद पडायला हवा होता. उलट तो तेव्हाच रुळावर आला आणि अजून चालू आहे. म्हणजे हातात सत्ता नसली तरी चालते. माहिती मात्र हवी.

आपल्याकडे यात एक मसाला जास्तीचा पडला, आणि तो मला फार चलाख वाटतो: शनिवार-रविवारचा सूत्रसंचालक. ब्रिटनमध्ये डेविना मॅकॉल बाहेर पडलेल्या स्पर्धकाची मुलाखत घ्यायच्या, पण दर आठवड्याला घरातल्यांना उभं करून त्यांचा हिशेब घेणं हे त्यांचं काम नव्हतं. आपल्याकडे ते मुख्य काम झालं. हिंदीत 2006 साली सोनीवर अर्शद वारसीपासून सुरुवात झाली, पण 2010 पासून सलमान खानच्या हातात वीकेंड गेला आणि ती जवळजवळ न्यायसभा बनली. मराठीत 2018 ते 2022 या चार सीझनमध्ये महेश मांजरेकरांची चावडी भरायची. 2024 च्या पाचव्या सीझनला रितेश देशमुख आले आणि ‘भाऊचा धक्का’ झाला.

याचं महत्त्व काय? आठवडाभर तुमची आई सोफ्यावरून जे ओरडत असते ते आत कुणाला ऐकू जात नाही. “अगं ती तुझ्याबद्दल काल काय बोलली ते बघ जरा!” शनिवारी मांजरेकर किंवा रितेश नेमकं तेच बोलतात, वर क्लिपही दाखवतात. बाहेरच्यांपैकी, म्हणजे सगळं माहीत असलेल्यांपैकी, आत बोलू शकणारा तो एकटाच. म्हणून एखाद्या आठवड्यात सूत्रसंचालकाने चुकीच्या माणसाला झापलं किंवा बरोबर माणसाला सोडून दिलं, तर लोक स्पर्धकापेक्षा त्याच्यावर जास्त चिडतात. आपला वकील फितूर झाला असं त्यांना वाटतं.

पाचव्या सीझनच्या पहिल्याच दिवसांत हे ठळक दिसलं. वर्षा उसगांवकरांसारख्या ज्येष्ठ अभिनेत्रीशी घरातली तरुण मंडळी ज्या सुरात बोलली, त्याने महाराष्ट्रभर घराघरांत लोक पेटले. डच किंवा इंग्रज प्रेक्षकाला त्यात कदाचित साधी बाचाबाची दिसली असती. आपल्याकडे मोठ्या माणसाचा मान हा विषय पैशांपेक्षा नाजूक. प्रत्येक घरात कुणी ना कुणी असा अपमान गिळलेला असतो, आणि त्याचा हिशेब तिथे मागायची संधी मिळत नाही. इथे शनिवार येतो.

‘स्क्रिप्टेड आहे का?’ हा प्रश्न मला लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीतही विचारतात. संवाद लिहून दिलेले नसतात. इतक्या माणसांना, इतके दिवस, झोपेतून उठल्यापासूनचे संवाद पाठ करायला लावणं कुणाच्या बापाला जमणार नाही, आणि आपले बरेच स्पर्धक इतके चांगले नटही नाहीत. पण परिस्थिती मात्र पूर्ण बांधलेली असते. घड्याळ नाही, फोन नाही, वर्तमानपत्र नाही. दिवसा डोळा लागला की कानठळ्या बसवणारा आवाज. रेशन मोजकं. दर आठवड्याला कुणाचं तरी नाव कॅमेऱ्यासमोर घ्यायचंच, ‘कुणीच नाही’ हे उत्तर चालत नाही. कॅप्टनला आरामाची खोली, बाकीच्यांना नाही. टास्क असे की दोन मित्रांपैकी एकालाच जिंकता येईल. हे सगळं केल्यावर संवाद लिहायची गरज कुणाला आहे?

आणि त्याच्याही आधी कास्टिंग. सीझन निम्मा तिथेच ठरतो. बाहेरच्यांना वाटतं आम्ही भांडखोर माणसं शोधतो. भांडखोर माणूस दोन आठवड्यांत रिकामा होतो, त्याच्याकडे तिसरं भांडण नसतं. खरी शोधाशोध असते ती मनातलं बोलून दाखवणाऱ्या माणसाची. ज्याला राग आला की तो कुणाला तरी गाठून ‘मला ना आज असं वाटलं’ म्हणून सुरू होतो, तो आमच्यासाठी सोनं. आतल्या आत धुमसणारा माणूस कितीही रंजक असो, पडद्यावर तो भिंतीकडे बघत बसलेला दिसतो, बस. मग त्याच्या चेहऱ्यावर संगीत टाकून आम्ही काहीतरी अर्थ काढायचा प्रयत्न करतो. तुम्हाला वाटेल, काय खोल माणूस आहे. तो कदाचित जेवायला काय आहे याचा विचार करत असेल.

कॅमेऱ्याबद्दलही एक गैरसमज आहे, की चार दिवसांनी माणसं कॅमेरा विसरतात. विसरत कुणीच नाही. गळ्यात माइक असतो, त्याची बॅटरी बदलायची सूचना स्पीकरवरून येते, विसरणार कसं? होतं असं की नाटक करायचा कंटाळा येतो. चांगुलपणाचा अभिनय करायला ताकद लागते, आणि अर्धपोटी, झोपमोड झालेल्या माणसाकडे ती नसते. मग मुखवटा अधूनमधून सरकतो. प्रेक्षकाची नजर त्या सरकण्यावर असते. ब्रिटनमधल्या अभ्यासक ॲनेट हिल यांनी तिथल्या प्रेक्षकांशी बोलून हेच मांडलं होतं: लोकांना सगळे अभिनय करतायत हे ठाऊक असतं, ते त्यातला खरा क्षण कुठला ते हुडकत असतात. माझा अनुभव याला दुजोरा देतो. ‘सगळं खोटं असतं’ म्हणणारे तुमचे बाबा प्रेक्षक म्हणून जरासुद्धा भाबडे नाहीत. खोटं पकडण्यासाठीच ते बसतात.

विद्वान मंडळी इथे इंग्रज विचारवंत बेंथमने कल्पिलेला तुरुंग आणतात, ज्यात कैद्याला आपल्यावर आत्ता नजर आहे की नाही हे कळत नाही. बंद घरात ते लागू पडत नाही. तिथे नजर कायम आहे हे पक्कं माहीत असतं. स्पर्धकाची झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने: यातलं दाखवणार काय? त्याने दिवसभर दहा माणसांना पाणी दिलं आणि एकदा डोळे फिरवले. बाहेर काय गेलं असेल? आतला माणूस कॅमेऱ्याला घाबरत नाही, एडिटरच्या कात्रीला घाबरतो. म्हणून ती कुजबुज, माइकवर हात ठेवून बोलणं. त्याचा उपयोग होत नाही, उलट कापडाची खसखस ऐकू आली की लॉगिंगवाला पोरगा आवाज वाढवून कान लावतो आणि तुम्हाला खाली सबटायटल मिळतं. दोघं कडकडून भेटले की कधी कधी माइकमधून छातीची धडधड ऐकू येते. असा तुकडा मिळाला तर त्यावर संगीत टाकायचा हट्ट धरणाऱ्याशी मी भांडलेय.

बाहेरून आत एक वाक्य गेलं तरी काय होतं ते बघायचं असेल तर नातेवाइकांचा आठवडा बघा. ‘फ्रीझ’ असा आदेश येतो, सगळे आहेत तिथे पुतळ्यासारखे, आणि दारातून कुणाची तरी आई येते. पोराने हलायचं नाही, बोलायचं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत असतं, पुसायचीही परवानगी नाही. मी एका आईला आत सोडायच्या आधी बोळात उभी पाहिलीय. काठाची साडी, हातातल्या पदराचं टोक पिळून पिळून दोरीसारखं झालेलं, आणि तिचा एकच प्रश्न: “तो बारीक झालाय ना हो? टीव्हीवर तसा वाटतो.” आत गेल्यावर ती पोरापेक्षा आधी त्याच्याशी भांडणाऱ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून आली. कंट्रोल रूममध्ये आम्ही सगळे गप्प. त्या एका हाताने पुढच्या पंधरा दिवसांचं राजकारण बदललं. आतल्या सगळ्यांनी त्यातून अर्थ काढला: बाहेर हिला लोक पसंत करत असणार, नाहीतर ह्याची आई हिच्याकडे कशाला गेली असती? आई बिचारी सवयीने गेली होती.

मग जिंकतं कोण? इथे मराठीचे सीझन शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. पहिला, एप्रिल 2018 मध्ये लोणावळ्याच्या घरात सुरू झालेला, मेघा धाडे यांनी जिंकला. त्या सरळसरळ खेळाडू होत्या, डाव टाकायच्या, आणि डाव टाकतोय हे लपवायच्या नाहीत. दुसरा, 2019 चा, अमरावतीच्या शिव ठाकरेने. हाच शिव पुढे हिंदीच्या सोळाव्या सीझनच्या अंतिम फेरीत पुण्याच्या एमसी स्टॅनसमोर हरला. त्या रात्री सगळ्या देशाच्या कार्यक्रमात शेवटचे दोघंही महाराष्ट्राचे होते, याची आपल्याकडे म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. आणि 2024 चा पाचवा सीझन बारामती तालुक्यातल्या मोढव्याच्या सूरज चव्हाणने जिंकला. ‘झापुक झुपूक’ म्हणत रील करणारा पोरगा, आत कित्येक दिवस अनेकांना वाटत होतं की याला खेळच कळत नाही. दुसरा आला अभिजीत सावंत, जो स्वतः 2005 मध्ये लोकांच्या मतांवर पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला होता.

सूरज साधा म्हणून जिंकला, गरिबीची सहानुभूती मिळाली, असं म्हटलं जातं. सहानुभूती होतीच, नाकारत नाही. पण फक्त गरिबीवर कुणी अंतिम फेरी गाठत नाही. मेघा धाडे आणि सूरज चव्हाण यांच्यात काडीचंही साम्य नाही, एक डोक्याने खेळणारी, दुसरा मनाने वागणारा. तरी मला एडिटर म्हणून एक गोष्ट सारखी दिसते. दोघांच्या बाबतीत ‘पाठीमागे’ आणि ‘तोंडावर’ हे दोन तुकडे शेजारी लावले तर फारसा फरक निघत नाही. प्रेक्षक चांगल्या माणसाला मत देतो असं मी म्हणणार नाही, इतकी वर्षं हे काम करून तेवढी भोळी राहिले नाही. तो ज्याला पकडता आलं नाही त्याला मत देतो. निक्की तांबोळी यांच्यावर त्याच सीझनमध्ये लोक इतके चिडायचे, तरी त्या अंतिम फेरीपर्यंत राहिल्या. त्याचंही कारण मला तेच वाटतं. जे बोलायचं ते तोंडावर. अशा माणसावर रागवायला लोकांना आवडतं, आणि घरी पाठवायला जिवावर येतं.

चिडून बघण्याबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. स्टीव्हन राइस आणि जेम्स विल्ट्झ या दोन अमेरिकी संशोधकांनी 2004 मध्ये छापलेल्या पाहणीत असं आढळलं की रिॲलिटी शो आवडणाऱ्यांमध्ये स्वतःच्या प्रतिष्ठेची ओढ इतरांपेक्षा जास्त होती, आणि थोड्या प्रमाणात सूड उगवण्याचीही. ‘आपण यांच्यापेक्षा बरे’ हे वाटून घ्यायला आवडतं, असा त्याचा साधा अर्थ. यात तथ्य आहे. पण मराठी घरात मी जे बघते त्यात यापलीकडचं काही असतं. नवरा-बायको, सासू-सून, बाप-लेक यांना एकमेकांबद्दल जे बोलता येत नाही ते पडद्यावरच्या माणसांच्या निमित्ताने बोलता येतं. “असं टाकून बोलणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत” हे वाक्य सासूबाई टीव्हीकडे बघून म्हणतात, आणि ते कुणासाठी आहे हे खोलीतल्या सगळ्यांना कळतं. चाळीच्या कॉमन गॅलरीत दोन बायका तिसरीबद्दल बोलताना प्रत्यक्षात एकमेकींना नियम समजावून सांगत असायच्या, त्याच्या जवळ जाणारं हे आहे. फ्लॅटच्या बंद दारांमागे ती सोय राहिली नाही. तुमचे आईबाबा कुठल्या स्पर्धकावरून आपसात भांडतात ते एकदा लक्ष देऊन ऐका. मजा येईल.

आता ओटीटीवर चोवीस तासांचं थेट प्रक्षेपणही मिळतं आणि रीलवर तीस सेकंदांचे तुकडेही. पुष्कळ तरुण पूर्ण एपिसोड बघतच नाहीत. आमच्या धंद्यावर याचा झालेला परिणाम गमतीचा आहे. कट्टर चाहते थेट प्रक्षेपणातला तुकडा आणि रात्रीच्या एपिसोडमधला तुकडा शेजारी लावतात आणि ‘बघा, एडिटरने हे वाक्य गाळलं’ म्हणून आम्हालाच उघडं पाडतात. म्हणजे जो खेळ आम्ही त्यांना शिकवला तोच आमच्यावर उलटला. मला वैयक्तिक यात वाईट वाटत नाही. कापताना हात जरा आखडतो, ते बरंच आहे.

हे सगळं निरुपद्रवी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. जानेवारी 2007 मध्ये ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टीशी जेड गुडी ही ब्रिटिश स्पर्धक आणि इतर दोघी ज्या वंशद्वेषी वाटाव्या अशा पद्धतीने वागल्या, त्यावर तिथल्या प्रसारण नियामकाकडे 40 हजारांहून जास्त तक्रारी गेल्या, प्रायोजकाने हात काढून घेतला, पाटण्यात पुतळे जाळले गेले. शिल्पा शेट्टी जिंकली. पुढच्या वर्षी ती हिंदी ‘बिग बॉस’ची सूत्रसंचालक होती आणि जेड गुडी स्पर्धक म्हणून आत. घरात असतानाच तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं निदान कळलं, ती लगोलग ब्रिटनला परतली, आणि मार्च 2009 मध्ये गेली. कुठलाही स्टोरी रायटर एवढी वळणं लिहायला धजावला नसता. ती आठवली की मला एवढंच वाटतं की आम्ही दोन तुकडे शेजारी लावतो त्यातला माणूस तुकडा नसतो. सीझन संपल्यावर तो बाहेर येतो, फोन हातात घेतो आणि तीन महिन्यांच्या शिव्या एका रात्रीत वाचतो. आमच्या क्षेत्रात त्यासाठी पुरेशी तयारी करून घेतली जात नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा आईबाबांना बंद करायला लावू नका, ऐकणारही नाहीत. त्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांना आणखी एक पातळी उघडून द्या. भांडणाच्या मधोमध जो ‘डोळे वटारलेला’ चेहरा दिसतो, त्याच्या अंगावरचे कपडे आणि केस आधीच्या शॉटशी जुळतात का बघा, कधी कधी तो चेहरा सकाळचा असतो. खिडकीतला उजेड बघा. बोलणाऱ्याची पाठ दिसत असताना एखादं फारच धारदार, फारच नेटकं वाक्य ऐकू आलं, तर ओठ का दाखवले नाहीत असा प्रश्न विचारा. दोन वेगवेगळ्या वेळची वाक्यं जोडून एक करताना पाठमोरा शॉट फार उपयोगी पडतो. अशा जागी आम्ही काहीतरी केलेलं असण्याची शक्यता बरीच. दरवेळी लबाडीच असते असं नाही. पुष्कळदा समोरून घेतलेल्या शॉटमध्ये तो माणूस तोंडात भरलेला घास चावत असतो, एवढंच.